ऐकू येत नव्हतं, पण १८ व्या वर्षी त्याने ताऱ्याच्या लपाछपीचं वेळापत्रक मांडलं

एखादा तारा आज जेवढा चमकतोय तेवढाच उद्याही चमकणार, असं आपण धरूनच चालतो. पण ययाती तारकासमूहातला मायावती हा तारा तसा नाही. तो मधूनच मंद होतो आणि काही तासांत पुन्हा पहिल्यासारखा चमकायला लागतो. पाश्चात्त्य जगात त्याला अल्गोल म्हणतात. हे नाव अरबीतून आलंय आणि त्याचा संबंध थेट पिशाच्चाशी आहे.

१७ व्या शतकात इटलीच्या माँटानारीने हा बदल टिपला होता. पण तारा नेमका कधी मंद होणार, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

ते सांगितलं जॉन गुडरिकने.

गुडरिकचा जन्म १७६४ चा, नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनचा. अगदी लहान वयातच त्याला ऐकू येईनासं झालं. घरच्यांनी त्याला एडिंबरोमधल्या थॉमस ब्रेडवूड यांच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत घातलं. तिथून तो वॉरिंग्टनला शिकला आणि मग इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात राहायला आला. तिथे एडवर्ड पिगॉट हा आकाशवेडा मित्र भेटला आणि दोघांनी मिळून तेज बदलणाऱ्या ताऱ्यांचा पिच्छा पुरवायचं ठरवलं.

मोजायचं कसं?

तेव्हा फोटोग्राफी नव्हती, प्रकाश मोजायचं यंत्रही नव्हतं. पद्धत साधी होती. आपला तारा शेजारच्या कोणत्या ताऱ्यापेक्षा तेजस्वी दिसतो आणि कोणत्यापेक्षा मंद, हे बघायचं आणि वेळेसकट वहीत लिहायचं. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.

१२ नोव्हेंबर १७८२ च्या रात्री गुडरिकला मायावती नेहमीपेक्षा बराच मंद दिसला. मग त्याने त्या ताऱ्याची पाठ सोडलीच नाही. कित्येक रात्रींच्या नोंदी जुळवल्यावर हिशोब लागला. मायावती दर २ दिवस, २० तास, ४९ मिनिटांनी मंद होतो.

इतका नेमका ठोका म्हणजे काहीतरी फिरत असणार. एक तर काळसर डाग असलेला तारा स्वतःभोवती फिरत असेल, नाहीतर एखादी मोठी वस्तू त्याच्याभोवती फिरताना त्याचा प्रकाश अडवत असेल, असे दोन अंदाज त्याने मांडले.

१७८३ मध्ये हे काम लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर वाचलं गेलं आणि त्याच वर्षी सोसायटीचं मानाचं कॉपली पदक त्याला मिळालं. तेव्हा तो १९ वर्षांचा होता.

यातला प्रकाश अडवण्याचा अंदाज बरोबर होता. पण ते सिद्ध व्हायला शंभर वर्षं गेली. १८८९ मध्ये जर्मनीच्या फोगेलने मायावतीच्या वर्णपटावरून त्याला जोडीदार तारा असल्याचं दाखवून दिलं. हा मंद जोडीदार आपल्या आणि मायावतीच्या मध्ये आला की ग्रहण लागतं.

पण गुडरिक तिथेच थांबला नाही

१७८४ मध्ये त्याने वृषपर्वा समूहातला डेल्टा हा तारा पकडला. तो साधारण ५ दिवस ९ तासांनी तेज बदलतो. इथे ग्रहण नाही, तर तारा स्वतःच फुगतो आणि आक्रसतो. अशा ताऱ्यांना पुढे याच ताऱ्यावरून सेफीड हे नाव पडलं.

१९१२ मध्ये अमेरिकेच्या हेन्रिएटा लेविट यांनी दाखवलं, की सेफीडचा ठोका जितका लांब तितकं त्याचं खरं तेज जास्त. खरं तेज कळलं की ते इथून किती मंद दिसतं त्यावरून अंतर काढता येतं. हीच पट्टी वापरून एडविन हबल यांनी देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची वेगळी दीर्घिका असल्याचं सिद्ध केलं.

हे बघायला गुडरिक नव्हता. १६ एप्रिल १७८६ ला रॉयल सोसायटीने त्याला सदस्य म्हणून निवडलं आणि चारच दिवसांनी, २० एप्रिलला तो गेला. वय होतं २१.

मायावतीचा ठोका अजून चालूच आहे. डिसेंबरच्या संध्याकाळी तो आपल्याकडूनही नुसत्या डोळ्यांनी दिसतो. शेजारच्या ताऱ्यांशी ताडून बघा. एखाद्या रात्री तो मंद दिसला, तर गुडरिकने यॉर्कमधून जे पाहिलं तेच तुम्ही बघत असाल.