पक्षी परतले, पण...

शाळेत असताना आमच्या वह्यांना कव्हरं असायची ती सोव्हिएत मासिकांच्या गुळगुळीत, जाड कागदाची. तुमच्यापैकी कितीतरी जणींना आठवत असेल. माझ्या भूगोलाच्या वहीवर एक चित्र आलं होतं. मळकट बर्फ, चार-सहा वाकडीतिकडी झाडं, त्यावर कावळ्यांची घरटी, मागे एक जुनं चर्च. मला ते मुळीच आवडायचं नाही. शेजारणीच्या वहीवर फुलांची बाग आणि आपल्या वहीवर कावळे! आपल्याकडे कावळा ओरडला तर पाहुणा येणार, नाहीतर तो पिंडाला शिवणार. चित्रात काढण्यासारखं काय आहे त्यात?

पुष्कळ वर्षांनी कळलं, की ते वसंताचं चित्र होतं. रशियातल्या शाळकरी मुलांनाही माहीत असलेलं. काढणाऱ्याचं नाव अलेक्सेई साव्रासोव.

त्यातले पक्षी म्हणजे रूक. दिसायला आपल्या डोमकावळ्यासारखेच, फक्त चोचीच्या बुडाशी पांढुरके. मध्य रशियातली थंडी त्यांना सोसत नाही. हिवाळ्यात ते दक्षिणेला जातात आणि मार्चमध्ये परततात. तेव्हा जमिनीवर बर्फ असतो, झाडाला एक पान नसतं. तरी रूक आले म्हणजे थंडीचा जोर सरला, असं तिथली माणसं समजतात. आपल्याकडे आंब्याला मोहोर आला की कसं वाटतं, तसंच काहीसं.

साव्रासोव १८३० साली मॉस्कोत जन्मला, व्यापाऱ्याच्या घरात. मुलानं धंदा सांभाळावा असं वडिलांना वाटे आणि याचा जीव सगळा रंगात. मॉस्कोच्या चित्रकला शाळेत तो शिकला, अवघ्या चोविसाव्या वर्षी अकादमीशियन झाला, म्हणजे चित्रकारांमधला मोठा मान. १८५७ साली त्याच शाळेत निसर्गचित्रांचा वर्ग त्याच्याकडे आला आणि त्याच वर्षी लग्नही झालं. बायको सोफिया हर्ट्झ. शिकलेल्या, सुसंस्कृत घरातली मुलगी. तिचा भाऊ कलेच्या इतिहासाचा अभ्यासक होता. सुरुवातीची वर्षं बरी गेली. पण घरात पाळणा हलायचा आणि थांबायचा. काही मुलं तान्हेपणीच गेली. वेरा आणि येवगेनिया या दोन मुली तेवढ्या जगल्या.

१८७० मध्ये एक वेगळंच संकट आलं. वर्गात विद्यार्थी फार कमी, म्हणून शाळेनं दिलेली राहायची जागा गेली. मास्तरांच्या बायकांना विचारा, क्वार्टर सुटणं म्हणजे काय असतं ते. त्या डिसेंबरात साव्रासोव गरोदर सोफिया आणि मुलींना घेऊन व्होल्गाकाठच्या यारोस्लाव्लला गेला. तिथं हिवाळ्यातल्या व्होल्गाची चित्रं काढायची होती. फेब्रुवारीत सोफिया दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. मुलगी जगली नाही. सोफियाच्याही जिवावर बेतलं होतं.

त्यानंतर महिन्याभरातच, १८७१ च्या मार्चमध्ये, तो कोस्त्रोमाकडच्या मोल्वितिनो या खेड्यात गेला. (आज त्या गावाला सुसानिनो म्हणतात. चित्रातलं चर्च अजून उभं आहे.) तिथं त्याला काय दिसलं? काहीच नाही, असंच आपण म्हटलं असतं. ना डोंगर, ना नदी, ना फुलं. गावाच्या कडेला मळलेला बर्फ, वितळून साचलेलं पाणी, कुंपण, पलीकडे नुसती सपाट, करडी शेतं. आणि भूर्जाच्या किडमिड्या झाडांवर रूकांची गडबड. कुणी उडतंय, कुणी घरट्यावर बसतंय, एकानं तर जमिनीवरची काटकी चोचीत धरलेली. नुकतंच मूल पुरून आलेल्या माणसानं घर बांधणारे पक्षी काढावेत, हे मी आता पाहते तेव्हा घशात आवंढा येतो. लहानपणी ते फक्त कावळे होते.

चित्र काही मोठं नाही. दोन फूट उंच, दीड फुटाच्या वर थोडं रुंद. नाव ठेवलं, रूक परतले. त्याच वर्षी फिरत्या प्रदर्शनवाल्या चित्रकारांच्या पहिल्या प्रदर्शनात ते सेंट पीटर्सबर्गला मांडलं गेलं. तोवर निसर्गचित्र म्हणजे इटलीचं ऊन, धबधबे, भव्य देखावे. इथं तर कुणाच्याही परसदाराला दिसेल असा चिखल! पण लोकांना त्यात आपलं गाव दिसलं. पावेल त्रेत्याकोव या व्यापाऱ्यानं ते सहाशे रूबलना विकत घेतलं. आजही ते मॉस्कोच्या त्रेत्याकोव संग्रहालयात आहे.

वर्गातही तो वेगळाच. मुलांना कोंडून ठेवायचं नाही, वसंत लागला की शहराबाहेर पिटाळायचं. बर्फ कसा वितळतो ते डोळ्यांनी पाहून या म्हणायचं. आयझॅक लेवितान नावाचा एक गरीब, पोरका विद्यार्थी त्याच्याकडेच तयार झाला आणि पुढे गुरूपेक्षाही मोठा ठरला.

घरात मात्र वसंत आला नाही. साव्रासोव दारूकडे वळला तो वळलाच. सोफियानं काही वर्षं काढली, मग मुलींना घेऊन ती वेगळी झाली. त्याच्या चरित्रात हे एका ओळीत येतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं, ऐन पडत्या काळात बायको सोडून गेली. मला नाही तसं वाटत. इतकी लेकरं पुरलेल्या बाईनं उरलेल्या दोघींना दारुड्याच्या घरातून बाहेर काढलं, तर तिला बोल कुणी लावायचा? तिच्या दुःखाचं चित्र तर कुणी काढलंच नाही. नाही म्हणायला १८७४ साली साव्रासोवनं यारोस्लाव्लजवळ व्होल्गाकाठी असलेल्या थडग्यांचं एक चित्र रंगवलं. त्यांची ती मुलगी यारोस्लाव्ललाच पुरलेली.

१८८२ साली शाळेनं त्याला काढून टाकलं. पंचवीस वर्षांची नोकरी गेली. मग भाड्याच्या खोल्या, फाटके कपडे, दुखणारे डोळे. येवदोकिया नावाच्या बाईबरोबर त्यानं पुन्हा संसार मांडला, पण दारू सुटली नाही. पैशांची नड लागली की तो तेच चित्र पुन्हा काढायचा. तीच झाडं, तेच पक्षी, तेच चर्च. दुकानदार चार-दोन रूबल हातावर ठेवायचे. मूळ चित्र संग्रहालयाच्या भिंतीवर, आणि काढणारा त्याच्या नकला विकून दिवस ढकलतोय.

१८९७ च्या शरदात मॉस्कोतल्या गरिबांच्या इस्पितळात तो गेला. वय सदुसष्ट. लेवितान तेव्हा नावारूपाला आला होता. आपल्या गुरूवर मृत्युलेख त्यानंच लिहिला. अंत्ययात्रेला फार माणसं नव्हती. असं सांगतात, की त्यात पावेल त्रेत्याकोव होता आणि चित्रकला शाळेचा म्हातारा दरवान.