डार्विनच्या घराची चाळीस वर्षांची डागडुजी

चार्ल्स डार्विनचं नाव काढलं की आपल्याला शाळेच्या पुस्तकातला तो लांब दाढीचा म्हातारा आठवतो, गलापागोस बेटांवरचे पक्षी आठवतात आणि माणूस व माकड यांच्या नात्यावरून उठलेला गदारोळ आठवतो. मला हा माणूस जवळचा वाटू लागला तो मात्र अगदी वेगळ्या कारणानं. त्यानं एक जुनं, बेढब घर विकत घेतलं आणि पुढची चाळीस वर्षं, मरेपर्यंत, तो ते दुरुस्त करत राहिला.

माझी उभी हयात बँकेत गेली. घरदुरुस्तीच्या आणि वाढीव बांधकामाच्या कर्जाचे किती अर्ज नजरेखालून गेले असतील, त्याची गणती नाही. अर्जावर ‘कारण’ म्हणून एक रकाना असे. त्यात बहुतेक जण एकच शब्द लिहीत : दुरुस्ती. खरं कारण जागा पाहायला गेल्यावर कळे. मुलीचं लग्न ठरलेलं असे आणि पाहुणे बसणार त्या पुढच्या खोलीला नवी फरशी हवी असे. आत मात्र स्वयंपाकघराचा ओटा काळोखात आणि म्हाताऱ्या आजीची मोरी घसरडी, ती तशीच राहायची. घराचा पैसा कुणासाठी खर्च होतो यावरून त्या घरातली माणसं ओळखू येतात, हे मी तिथं शिकलो. त्या दृष्टीनं डार्विनच्या घराची फाईल वाचण्यासारखी आहे.

सावकाराचा मुलगा

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९चा, इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावचा. वडील रॉबर्ट डार्विन नावाजलेले डॉक्टर. पण त्यांची आणखी एक बाजू फारशी सांगितली जात नाही. ते पक्के सावकार होते. आसपासच्या जमीनदारांना ते मोठमोठ्या रकमा व्याजानं देत. आई चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या वेजवुड घराण्यातली. चार्ल्स आठ वर्षांचा असतानाच ती गेली. पैशाची ददात नव्हती, पण पैशाचा हिशेब ठेवायचा असतो ही शिस्त घरात होती.

बाविसाव्या वर्षी तो ‘बीगल’ जहाजावर चढला. डिसेंबर १८३१ ते ऑक्टोबर १८३६, जवळजवळ पाच वर्षं, त्याचा जहाजावरचा संसार एका चिंचोळ्या खोलीत होता. नकाशांच्या टेबलावर टांगलेल्या झोळीत झोपायचं आणि पाय पसरता यावेत म्हणून कपाटाचा एक खण काढून ठेवायचा. इंच इंच जागा कशी वापरावी, याचं शिक्षण त्याला समुद्रावर मिळालं.

जानेवारी १८३९मध्ये त्यानं आपली मामेबहीण एमा वेजवुड हिच्याशी लग्न केलं. लंडनमध्ये अपर गॉवर स्ट्रीटवर भाड्याचं घर घेतलं. त्याच्या भिंती, पडदे इतके भडक होते की दोघांनी त्याला एका रंगीबेरंगी पोपटाचं नाव दिलं. दोन मुलं झाली, तिसऱ्याची चाहूल लागली. लंडनचा धूर, गर्दी आणि डार्विनची कायमची बिघडलेली प्रकृती. शहराबाहेर घर शोधायला सुरुवात झाली.

घर पसंत नव्हतं, तरी घेतलं

लंडनहून सुमारे सोळा मैलांवर, केंट परगण्यातल्या डाउन या खेड्यात एक घर विकाऊ होतं. तीन मजली, चौकोनी, विटांचं. वरचा चुना कळाहीन झालेला. सोबत अठरा एकर जमीन. जुलै १८४२मध्ये नवराबायको ते पाहायला गेले तेव्हा हवा थंड आणि मळभलेली होती. एमाचा त्या भागाबद्दल विरसच झाला. डार्विनलाही घर कुरूप वाटलं. पण खोल्या भरपूर होत्या, शांतता होती आणि किंमत आवाक्यातली, सुमारे २,२०० पौंड. पैसे वडिलांनी पुढे केले.

सप्टेंबरमध्ये बिऱ्हाड हललं. एमा दिवसांत होती. त्याच महिन्यात मुलगी झाली, तिचं नाव मेरी. ती तीन आठवडेच जगली. नव्या घरातलं सामान नीट लागण्याआधी गावच्या चर्चच्या आवारात त्यांना एक लहानशी कबर खणावी लागली. एखादं कुटुंब अशा वेळी घरालाच अपशकुनी ठरवून निघून गेलं असतं. डार्विन दांपत्यानं गवंडी बोलावले.

पहिलं काम रस्त्याचं. गावचा रस्ता घराला इतका लागून जाई की येणाऱ्याजाणाऱ्याची नजर थेट आत. डार्विननं तो रस्ताच सुमारे दोन फूट खणून खाली नेला आणि कडेनं गारगोटीच्या दगडांची भिंत घातली. निघालेली माती फेकली नाही. बागेभोवती तिचे उंचवटे केले आणि त्यांवर सदाहरित झाडं लावली. त्यामुळे वाराही अडला. एका खर्चात तीन कामं! बाहेरून नवा गिलावा झाला. बागेच्या बाजूची भिंत फोडून तिन्ही मजल्यांवर खिडक्यांनी भरलेला मोठा फुगवटा बाहेर काढला. खालच्या दिवाणखान्यात आणि वरच्या निजायच्या खोल्यांत उजेड आला.

नोकरांची तक्रार

मला सर्वांत मोलाची वाटते ती १८४५ची दुरुस्ती. घरातल्या नोकरमाणसांनी मालकाकडे तक्रार केली : मागच्या बाजूची सगळी ये-जा स्वयंपाकघरातूनच होते, फार त्रास होतो. त्या काळच्या इंग्लंडात अशी तक्रार कानाआड करणं सहज शक्य होतं. डार्विननं बहिणीला कळवलं की स्वतःसाठी सगळ्या सुखसोयी करायच्या आणि राबणाऱ्यांना अडचणीत ठेवायचं, हा स्वार्थीपणा त्याला पटत नाही. श्रूजबरीचे वडीलधारे ही उधळपट्टी म्हणतील याचीही त्याला धास्ती होती. तरी काम निघालं. मागचा भाग नव्यानं बांधला, आणि त्यातच मुलांच्या अभ्यासाची खोली आणि दोन लहान निजायच्या खोल्याही उरकून घेतल्या.

उधळपट्टी म्हणावी असा हा माणूस नव्हता. लग्नापासून मरेपर्यंत, त्रेचाळीस वर्षं, त्यानं जमाखर्चाच्या वह्या ठेवल्या. एमाच्या घरखर्चाच्या वह्या वेगळ्या. गावातल्या गरिबांच्या मदत मंडळाचा तो सुमारे तीस वर्षं खजिनदार होता. थोरला मुलगा विल्यम पुढे साउथॅम्प्टनमध्ये बँकेचा भागीदार झाला, याचं माझ्यासारख्याला नवल वाटत नाही.

डार्विनला एकूण दहा मुलं झाली, त्यांतली सात जगली. घर मुलांचं होतं, याच्या खुणा जागोजाग आहेत. जिन्यावर टाकायची लाकडी घसरगुंडी होती. बापाच्या सूक्ष्मदर्शकापुढलं चाकांचं स्टूल मुलं पळवत आणि काठीनं ढकलून त्याची नाव करत. ज्या ग्रंथानं जग हादरलं, त्याच्या हस्तलिखिताच्या पाठकोऱ्या कागदांवर पोरांनी चित्रं काढली आहेत.

तरीही हे काही सुखाचंच घर नव्हतं. डार्विनला उलट्या, थकवा, पोटदुखी यांनी पिच्छा सोडला नाही. अभ्यासिकेच्या एका कोपऱ्यात आडोसा करून त्यानं त्यासाठी जागा ठेवली होती; दुखणं लपवण्यापेक्षा त्याची सोय केलेली बरी. १८४९मध्ये मॉल्व्हर्नला जाऊन त्यानं जलोपचार घेतले. परतल्यावर गावचा सुतार जॉन लुईस याच्याकडून विहिरीजवळ एक खोपटं बांधून घेतलं आणि त्यात उंचावरून गार पाण्याची धार अंगावर घ्यायला सुरुवात केली. दोन वर्षांनी लाडकी लेक अ‍ॅनी आजारी पडली. तिलाही मॉल्व्हर्नला नेलं. २३ एप्रिल १८५१ रोजी, दहा वर्षांची असताना, ती तिथंच गेली. तिची लिहिण्याची छोटी पेटी एमानं जन्मभर जपून ठेवली. घरात किती खोल्या बदलल्या, पण ती पेटी हलली नाही.

एक उन्हाळा

१८५७-५८मध्ये घराला पुन्हा मोठी जोड मिळाली. मुलं वाढली होती. प्रशस्त नवा दिवाणखाना झाला आणि त्यावर निजायची खोली. जुना दिवाणखाना जेवणघर झाला. जुन्या जेवणघरात पुढे बिलियर्डचं टेबल आलं. पाडापाडी कमी, खोल्यांची कामं बदलणं जास्त, ही डार्विनची रीत.

जून १८५८मध्ये दूरच्या बेटांवरून आल्फ्रेड वॉलेस याचं टपाल आलं. वीस वर्षं डार्विन ज्या विचारावर काम करत होता, तोच विचार दुसऱ्या माणसानं स्वतंत्रपणे मांडलेला! आणि त्याच दिवसांत गावात लोहितांगज्वराची साथ. दीड वर्षाचं धाकटं मूल, चार्ल्स वेअरिंग, २८ जूनला गेलं. १ जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेख वाचले गेले तेव्हा डार्विन तिथं नव्हता. उरलेल्या मुलांना साथीपासून दूर न्यायचं होतं. कुटुंब घर बंद करून निघालं आणि समुद्रकाठी, परक्या जागेत, त्यानं त्या ग्रंथाचं लेखन सुरू केलं. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ नोव्हेंबर १८५९मध्ये निघाला, तो याच घरच्या जुन्या अभ्यासिकेत पुरा होऊन.

घराबाहेरही त्याचं बांधकाम चालूच होतं. १८४६मध्ये शेजारच्या लबक कुटुंबाकडून जमिनीची एक पट्टी भाड्यानं घेऊन त्यानं झाडं लावली आणि भोवती वाळूची पायवाट केली. रोजचा फेरफटका तिथंच, आणि फेऱ्या मोजायला वळणावर ठेवलेले खडे. १८६३मध्ये शेजाऱ्याच्या माळ्याच्या मदतीनं उबदार काचघर उभं राहिलं. क्यूच्या बागेतून गाडीभर रोपं आली, तेव्हा हा चौपन्न वर्षांचा गृहस्थ लहान मुलासारखा हरखला. पुढची वनस्पतींवरची पुस्तकं याच काचघराच्या आधारानं झाली.

पुढे मुलं आपापल्या वाटांना लागली. आता घर लहान करावं, असं वाटायचे ते दिवस. पण सप्टेंबर १८७६मध्ये मुलगा फ्रान्सिस याची बायको बाळंतपणात गेली. तो तान्ह्या बर्नार्डला घेऊन आईवडिलांकडे परतला. सत्तरीकडे झुकलेल्या आजीआजोबांच्या घरात पुन्हा पाळणा आला. त्याच सुमारास घराला आणखी एक भाग जोडला गेला. तिथली मोठी खोली आधी बिलियर्डसाठी होती, अखेरच्या दिवसांत तीच डार्विनची नवी अभ्यासिका झाली. गांडुळांना ऐकू येतं का हे पाहायला एमा पियानो वाजवायची, फ्रान्सिस बासून आणि नातू शिट्टी. दिवाणखान्याचा यापेक्षा चांगला उपयोग मला तरी ठाऊक नाही.

जिन्याखालचं कपाट

१९ एप्रिल १८८२ रोजी याच घरात डार्विन वारला. गावच्या चर्चच्या आवारात, आपल्या मुलांशेजारी त्याला पुरतील, असं सगळे धरून होते. जॉन लुईसनं, त्याच सुतारानं, साधी, बिनपॉलिशची शवपेटी केलीही. पण देशानं त्याला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत न्यायचं ठरवलं आणि झुळझुळीत पॉलिशची दुसरी पेटी आली. लुईसची पेटी तशीच राहिली. उभ्या आयुष्यात दिखाव्यासाठी फारसा खर्च न केलेल्या माणसाच्या वाट्याला हे शेवटी आलं.

१८९६मध्ये एमाही गेली. घर रिकामं करताना जिन्याखालच्या कपाटात काही जुने कागद सापडले. उत्क्रांतीच्या सिद्धान्ताचा पेन्सिलीनं लिहिलेला पहिला आराखडा होता तो, १८४२चा, म्हणजे घर घेतलं त्याच वर्षीचा. चोपन्न वर्षं तो या घराबरोबर नांदला. नंतर तिथं काही वर्षं मुलींची शाळा भरली. १९२७मध्ये बक्स्टन ब्राऊन या शल्यवैद्यानं वास्तू विकत घेऊन वाचवली आणि १९२९मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. १९९६मध्ये ती इंग्लिश हेरिटेज या संस्थेकडे आली आणि दुरुस्तीनंतर १९९८मध्ये पुन्हा उघडली.

या घराचा एकच असा नकाशा कधीच नव्हता. दर काही वर्षांनी कुणाची तरी अडचण पुढे आली आणि त्या अडचणीपुरतं घर बदललं : कधी स्वयंपाकीणबाईची, कधी पोरांची, कधी स्वतःच्या दुखण्याची, कधी आईवेगळ्या नातवाची. सजीवांत बदल लहान लहान पायऱ्यांनी होतात, असं सांगणाऱ्या माणसानं घरही तसंच वाढवलं, आणि कुरूप म्हणून घेतलेल्या त्या घरातून त्याला कधी निघावंसं वाटलं नाही.

येत्या दिवाळीआधी आपल्यापैकी अनेकांच्या घरी रंगाचे डबे येतील, फरशी बदलायचा विषय निघेल, अंदाजपत्रक मागवलं जाईल. मिस्त्रीला बोलावण्याआधी घरातल्या प्रत्येकाला, मोलकरणीलाही, एकदा विचारून घ्यावं की या घरात तुला कुठं अडतं. खर्चाची यादी त्या उत्तरांतून करावी. पुढच्या खोलीची फरशी त्यानंतर पाहू.