मेकॅनिकलवाले करकरे साहेब

२६ नोव्हेंबरला आपण मेणबत्त्या लावतो, पण हेमंत करकरे आपल्यासारखेच इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते हे किती जणांना ठाऊक आहे? नागपूरच्या व्हीआरसीईतून (आताचे व्हीएनआयटी) १९७५ साली ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले. हिंदुस्थान लिव्हरमध्ये नोकरीही केली. आपण तिथंच थांबलो असतो! साहेब मात्र १९८२ मध्ये आयपीएसमध्ये आले.

नक्षलग्रस्त चंद्रपूरला एसपी असताना जंगलातली वाळकी लाकडं आणून ते त्यातून शिल्पं घडवायचे. आपल्या होस्टेलच्या इस्लापूर-किनवटकडच्या पोरांना असलं लाकूड नवं नाही. पण जळणात आकार दिसायला नजर लागते.

जानेवारी २००८ मध्ये ते एटीएसचे प्रमुख झाले. २६ नोव्हेंबरच्या रात्री ऑफिसात बसून हुकूम सोडता आले असते. ते स्वतः सीएसटीला गेले, तिथून कामा हॉस्पिटलकडे. रंगभवनच्या गल्लीत अतिरेक्यांनी त्यांच्या क्वालिसवर गोळ्या झाडल्या. अशोक कामटे, विजय साळसकर यांच्यासह ते शहीद झाले. वय अवघं ५३. पुढे मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. अंगातलं बुलेटप्रूफ जॅकेट मात्र गहाळ झालं. पत्नी कविता करकरे यांनी त्याचा जाब विचारला.