संख्यांचे सोबती : द. रा. कापरेकर

नाशिकजवळच्या देवळाली येथे एक शाळाशिक्षक आयुष्यभर संख्यांच्या सहवासात रमले. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू येथे झाला. आठव्या वर्षीच ते मातृसुखाला पारखे झाले. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद होता. त्यातील आकडेमोडीतून मुलालाही संख्यांची गोडी लागली. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पदवीनंतर १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीत अध्यापन केले.

जुन्या जी. आय. पी. रेल्वेवरील डेम्लो, म्हणजे आजचे डोंबिवली, या स्थानकावर त्यांना काही संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना सुचली. त्यांना त्यांनी ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले. ११ चा वर्ग १२१ आणि १११ चा वर्ग १२३२१ होतो. याच रीतीने नऊ वेळा १ लिहून तयार होणाऱ्या संख्येचा वर्ग केला, तर १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. ती डावीकडून वाचली काय किंवा उजवीकडून वाचली काय, सारखीच!

यामागचे कारण सोपे आहे. गुणाकार मांडताना एकांच्या नऊ ओळी एकेक घर सरकत येतात. कडेच्या घरात एकच १ असतो, तर मधल्या घरात नऊ जमतात. त्यामुळे हातचा कोठेच येत नाही. दहा वेळा १ घेतल्यास मात्र हातचा येतो आणि ही रचना मोडते. शिवाय या सतरा अंकांची बेरीज ८१ होते आणि ८१ ने त्या संख्येला निःशेष भागही जातो. अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे म्हटले.

१९४६ साली त्यांना ६१७४ या संख्येचे गुपित उमगले. चारही अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात वेळा असे केल्यावर ६१७४ येतेच. उदाहरणार्थ, ३५२४ पासून ३०८७, ८३५२ आणि मग ६१७४.

कापरेकरांजवळ उच्च पदवी वा विद्यापीठातील पद नव्हते. अनेक विद्वानांनी त्यांच्या कार्याला क्षुल्लक मानले. तरीही त्यांनी लेखन थांबवले नाही. अखेर १९७५ साली अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांचा परिचय करून दिला आणि त्यांची कीर्ती जगभर पसरली. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली त्यांचे निधन झाले. ६१७४ ही संख्या आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते. कागद आणि पेन्सिल एवढ्याच साधनांनी कोणालाही तिचा पडताळा घेता येतो.