शब्दाने बांधलेला राजा

स्नेहसंमेलनातल्या प्रश्नमंजूषेत आम्हाला एक प्रश्न आला होता. आपला ध्वज कधीही बदलता येणार नाही, असे खुद्द राज्यघटनेतच लिहून ठेवणारे पॅसिफिक महासागरातले राज्य कोणते? आमचा संघ गप्प बसला. उत्तर होते टोंगा. गुण गेले याचे दुःख दोन दिवसांत ओसरले, पण प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. न बदलणारा ध्वज देशाला देणारा हा माणूस कोण असेल? मी ग्रंथालयाची वाट धरली आणि तिथे मला राजा जॉर्ज तुपौ पहिला भेटला.

टोंगा म्हणजे सुमारे 170 बेटांचा पुंजका. सगळी जमीन एकत्र केली तरी ती सुमारे 750 चौरस किलोमीटरच भरते. टोंगाटापू, हाआपाई आणि वावाउ हे त्यातले तीन मुख्य बेटसमूह. 1797 च्या सुमारास इथल्या एका सरदार घराण्यात ताउफाआहाउ जन्माला आला. तो काळ यादवीचा होता. सरदार आपसात लढत होते आणि सामान्य माणूस सरदाराच्या मर्जीवर जगत होता. त्याचे श्रम, त्याचे पीक, प्रसंगी त्याचा जीवही सरदाराच्या मालकीचा होता.

ताउफाआहाउ आधी हाआपाईचा अधिपती झाला. 1826 साली वेलाटा येथे त्याने तुई टोंगा या सर्वांत प्राचीन राजवंशाच्या प्रमुखाचा पराभव केला. 1831 मध्ये त्याने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि इंग्लंडच्या राजावरून जॉर्ज हे नाव धारण केले. 1833 मध्ये वावाउ त्याच्याकडे आले, 1845 मध्ये तो तुई कानोकुपोलु या पदावर बसला आणि 1852 मध्ये शेवटचे बंड मोडून सारा टोंगा त्याने एका छत्राखाली आणला. त्या वेळी हरलेल्या बंडखोरांना त्याने क्षमा केली. जुन्या रिवाजात हे बसणारे नव्हते.

इथपर्यंतची कथा कोणत्याही विजेत्याची असू शकते. मला तो वेगळा वाटला तो पुढच्या कामामुळे. सत्ता हाती येताच त्याने तिला कुंपण घालायला सुरुवात केली. 1839 साली वावाउसाठी त्याने लेखी कायदे जाहीर केले आणि प्रजेच्या मालमत्तेवर सरदारांनी मनमानी हात टाकण्यास बंदी केली. 1850 मध्ये अधिक विस्तृत कायदे आले. 4 जून 1862 रोजी तर त्याने सामान्य माणसाला सरदारांच्या वेठीतून कायमचे मुक्त केले. 4 जून हा दिवस टोंगात आजही मुक्तिदिन म्हणून पाळला जातो.

1853 साली तो सिडनीला जाऊन आला होता. तिथे भूमिहीन माणसे रस्त्यावर झोपलेली पाहून तो अस्वस्थ झाला, असे सांगतात. ते काहीही असो, 4 नोव्हेंबर 1875 रोजी त्याने देशाला जी राज्यघटना दिली, तिच्यात टोंगाची जमीन विकण्यास मनाई आहे. पुढे कायद्याने सोळा वर्षांच्या प्रत्येक पुरुषाला सव्वाआठ एकर शेतजमिनीचा हक्क मिळाला. मुलींना मात्र हा हक्क मिळाला नाही, हेही नमूद केले पाहिजे. कुळकायद्याने जमीन मिळालेल्या शेतकऱ्याचा मी पणतू आहे. पायाखालची जमीन कायद्याने आपली असणे म्हणजे काय, हे मला घरात ऐकून ठाऊक आहे. त्यामुळे घटनेचे हे कलम मी दोनदा वाचले.

या घटनेच्या रचनेत शर्ली बेकर या वेस्लियन मिशनऱ्याचा मोठा हात होता. कायद्यापुढे सरदार व सामान्य, परदेशी व टोंगन सारखेच. प्रत्येकाला उपासनेचे स्वातंत्र्य. विधिमंडळात सरदारांबरोबर लोकांचे निवडलेले प्रतिनिधी. राजानेही घटनेची शपथ घ्यायची. ध्वजाचे कलमही याच घटनेतले. ध्वज लाल, त्याच्या कोपऱ्यात पांढरा चौकोन आणि त्यात लाल क्रूस. मुळात पांढऱ्या कापडावर लाल क्रूस असा ध्वज होता, पण तो रेड क्रॉसच्या निशाणासारखा दिसू लागल्याने बदलला, असे म्हणतात. राजचिन्हावर तीन बेटसमूहांचे तीन तारे, शांततेचे कबूतर, मुकुट आणि तीन राजवंशांच्या तीन तलवारी आहेत. वेलाटाला ज्या वंशाचा पाडाव केला, त्याचीही तलवार तिथे मानाने आहे. परमेश्वर आणि टोंगा हाच माझा वारसा, अशा अर्थाचे ब्रीद खाली आहे.

इथेच लेख संपवला असता तर तो गौरवलेख झाला असता. पण चरित्र पुढे वाचताना मी अडखळलो. टोंगातली चर्चची वर्गणी बाहेर ऑस्ट्रेलियाला जाते, हे राजाला खुपत होते. 1885 मध्ये त्याने देशाचे स्वतंत्र चर्च स्थापन केले. बेकर तोवर पंतप्रधान झाला होता. जे जुन्या वेस्लियन चर्चला धरून राहिले त्यांचा छळ सुरू झाला. 1887 मध्ये बेकरवर गोळीबार झाला, सहा जणांना देहदंड झाला आणि छळ वाढला. अनेकांना फिजीला जावे लागले. त्यांच्यात राजाची स्वतःची मुलगीही होती. ज्या हाताने उपासनेचे स्वातंत्र्य लिहिले, त्याच हाताच्या सावलीत हे घडले. अखेर 1890 मध्ये ब्रिटिश उच्चायुक्ताने बेकरला देशाबाहेर काढले आणि निर्वासित घरी परतले.

मग हा राजा खोटा होता काय? मी बरेच दिवस विचार केला. मला वाटते, तो आपल्याच शब्दापेक्षा तोकडा पडला. पण त्याने शब्द लिहून ठेवला होता, म्हणूनच आज आपण त्याला त्या शब्दाने मोजू शकतो. न लिहिणाऱ्या राजांना ही कसोटी लागतच नाही.

18 फेब्रुवारी 1893 रोजी नव्वदी ओलांडलेल्या या वृद्धाने नुकुआलोफा येथे देह ठेवला. मुले त्याच्या आधीच गेली होती, म्हणून पणतू गादीवर बसला. 1900 ते 1970 टोंगा ब्रिटनच्या संरक्षणाखाली राहिला, पण राजा आणि घटना टिकल्या. 4 जून 1970 रोजी, म्हणजे मुक्तिदिनीच, त्याला पूर्ण स्वातंत्र्य मिळाले. 2010 मध्ये घटना सुधारून 26 पैकी 17 जागा लोकनिर्वाचित प्रतिनिधींना देण्यात आल्या. ज्या घटनेत सुधारणेला जागा होती, तीच घटना दीडशे वर्षे जगली. ध्वज मात्र तोच आहे.

मित्रहो, पुढच्या प्रश्नमंजूषेत हा प्रश्न पुन्हा आला, तर आमचा संघ गप्प बसणार नाही. पण त्याहून मोठा एक प्रश्न मी माझ्यापुरता वहीत लिहून ठेवला आहे. ध्वजाचे कापड न बदलण्याची हमी कायदा देऊ शकतो. त्याच घटनेत लिहिलेले वचन न मोडण्याची हमी कोण देणार? माझे उत्तर आहे, ती वाचणारी माणसे.