विश्लेषण : पेनिसिलिनच्या बुरशीवर किरणांचा मारा करणारे डेमेरेक कोण होते?

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तोवर जगात पेनिसिलिन मोठ्या प्रमाणावर बनू लागले होते. त्यात मिलिस्लाव्ह डेमेरेक यांचा वाटा होता.

शेतकीतून जनुकांकडे

आजच्या क्रोएशियात १८९५ मध्ये जन्मलेले डेमेरेक शेतकी शिकून १९१९ मध्ये अमेरिकेला गेले. १९२३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. १९४१ मध्ये ते कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या प्रयोगशाळेचे संचालक झाले.

महायुद्धात पेनिसिलिन अपुरे पडत होते. डेमेरेक यांनी बुरशीच्या बीजाणूंवर क्ष-किरण सोडले. त्यातून एक्स-१६१२ हा जास्त पेनिसिलिन देणारा वाण निवडला गेला. विस्कॉन्सिनमध्ये त्यावर अतिनील किरण सोडून क्यू-१७६ हा आणखी सरस वाण मिळाला.

पेशी काय करते?

१९४४ मध्ये डेमेरेक यांनी तरुण एव्हलिन विटकिन यांना जिवाणूंवरील किरणांच्या परिणामाचा अभ्यास सुचवला. त्याचे पूर्ण उत्तर १९७०च्या दशकापासून मिळत गेले. अतिनील किरणांमुळे डीएनएतील शेजारची अक्षरे एकमेकांना चिकटतात आणि त्याची प्रत काढण्याचे काम अडते. तेव्हा जिवाणू विभाजन थांबवतो, दुरुस्तीची जनुके चालू करतो. तरीही अडथळा राहिला, तर चुका करणारे विकर वापरून प्रत पुरी करतो. जीव वाचतो, पण डीएनएत बदल उरतो.

आज महत्त्व काय?

डेमेरेक १९६६ मध्ये वारले. बुरशीतला असा एखादा बदल औषध वाढवतो. जिवाणूंतला मात्र त्याच औषधाला दाद न देणारा वाण घडवू शकतो.