श्री शाहू छत्रपति महाराज: माणसें जोडणारा राजा

ज्या मनुष्याला आपल्या धंद्यांत, संसारांत आणि चारचौघांच्या कामांत यश हवें असतें, त्याचें नुसत्या मेहनतीनें भागत नाहीं. त्याला माणसांशीं वागतां आलें पाहिजे. आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांकडे पाहिलें तर हें सहज पटतें. उपदेशक अभ्यासू आहे, शाळामास्तर प्रामाणिक आहे, पंच देवभीरू आहेत. तरी त्यांचें एकमेकांशीं पटत नाहीं म्हणून मंडळीचें काम बसलें, अशीं उदाहरणें थोडीं नाहींत. ह्या विषयावर नियम पुष्कळ सांगतां येतील. परंतु एखाद्या मनुष्याचें चरित्र पाहिलें असतां जें समजतें, तें नुसत्या नियमांनीं समजत नाहीं. म्हणून आज आम्ही ह्याच करवीर प्रांताचे राजे श्री शाहू छत्रपति महाराज यांचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों. महाराज ख्रिस्ती नव्हते. तथापि एका शोमरोनी मनुष्याच्या करणीवरून आपल्या प्रभूनें शेजारधर्म शिकविला, हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ह्या चरित्रांतून बोध घेण्यास संकोच वाटूं नये.

महाराजांचा जन्म 26 जून 1874 रोजीं कागलच्या घाटगे घराण्यांत झाला. त्यांचें मूळचें नांव यशवंतराव. तीन वर्षांचे असतां त्यांची आई वारली. दहाव्या वर्षीं, म्हणजे 17 मार्च 1884 रोजीं, कोल्हापूरच्या राणी आनंदीबाईसाहेब यांनीं त्यांस दत्तक घेतलें, आणि पुढें दोनच वर्षांनीं त्यांचे जन्मदाते वडीलही गेले. इतक्या लहानपणीं इतकें दुःख व इतकें मोठें पद एकदम वांट्यास आलें, तर मुलगा एक तर खचतो किंवा माजतो. महाराजांचें दोन्ही झालें नाहीं, ह्याचें एक कारण म्हणजे त्यांस मिळालेले शिक्षक. राजकोटच्या राजकुमार कॉलेजांत कांहीं वर्षें काढल्यावर ते धारवाड येथें फ्रेझरसाहेब व रघुनाथराव सबनीस यांच्या हाताखालीं शिकले. फ्रेझरसाहेबांशीं त्यांचा स्नेह अखेरपर्यंत टिकला, आणि सबनीस तर पुढें त्यांचे दिवाण झाले. ज्यांनीं आपल्याला शिकविलें त्यांस मोठेपणीं विसरणारे लोक आपण पाहतों. ज्या शिक्षकानें आपलें अज्ञान पाहिलें, त्यालाच महाराजांनीं राज्याचा सल्लागार केलें. आपले दोष ज्याला ठाऊक आहेत अशा मनुष्यास जवळ ठेवणें हें धैर्याचें काम आहे, आणि शहाणपणाचेंही आहे. मोशेनें आपल्या सासऱ्याची, इथ्रोची, मसलत ऐकली, म्हणून त्याचें ओझें हलकें झालें, ही गोष्ट येथें आठवावी.

2 एप्रिल 1894 रोजीं महाराजांनीं राज्यकारभार हातीं घेतला. तेव्हां ते अवघे एकोणीस वर्षांचे होते. त्यांनीं दप्तर पाहिलें, तेव्हां सामान्य कारभारांतील 71 जागांपैकीं 60 जागा एकाच जातीकडे असून 500 कारकुनी जागांपैकीं केवळ 10 जागा इतरांकडे होत्या. ह्यावर राग धरणें सोपें होतें. पुढें 1899 सालीं त्यांच्या स्वतःच्या वाट्यासही अपमान आला. त्यांचा पुरोहित त्यांस शूद्र समजून त्यांच्या स्नानाच्या वेळीं वेदोक्त मंत्रांऐवजीं पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचें उघडकीस आलें, आणि त्यावरून जें प्रकरण माजलें तें वेदोक्त प्रकरण म्हणून प्रसिद्ध आहे. महाराजांस क्रोध आला नाहीं असें नाहीं. त्या वादांत त्यांनीं पुरोहिताचें उत्पन्नही बंद केलें. परंतु त्यांची थोरवी त्या क्रोधांत नाहीं. राजा असून आपला अपमान होतो, तर ज्याच्या हातीं कांहींच नाहीं त्याची काय दशा असेल, हा प्रश्न त्यांच्या मनांत रुजला, ह्यांत ती आहे.

तेव्हांपासून त्यांनीं आपल्या दुःखाची संस्था केली. 1901 सालीं मराठा विद्यार्थ्यांकरितां व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें. त्याच्या मागोमाग जैन, मुसलमान, लिंगायत, शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, प्रभु अशा निरनिराळ्या समाजांचीं वसतिगृहें उभीं राहिलीं. 1908 सालीं अस्पृश्य मानलेल्या मुलांकरितां मिस क्लार्क बोर्डिंग झालें, आणि 1915 सालीं हिंदी ख्रिस्ती मुलांचेंही वसतिगृह निघालें, हें आमच्या वाचकांनीं विशेष लक्षांत ठेवावें. 26 जुलै 1902 रोजीं त्यांनीं हुकूम काढला कीं, ह्यापुढें रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकीं निदान शेंकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांस द्याव्या. आणि हें करीत असतां ज्या दिवाण सबनीसांवर त्यांनीं सारा भार टाकला होता, ते पुढारलेल्या प्रभु जातीचेच होते. व्यवस्थेशीं झगडावें, पण त्या जातींत जन्मलेल्या प्रत्येक माणसाशीं वैर धरूं नये, हा विवेक त्यांनीं राखला. मंडळींत कोणाचा अपमान झाला म्हणजे तो मनुष्य उपासनेस येणें सोडतो, आणि त्याचा भाऊबंदही येत नाहीं. त्याच रागाची शक्ति दहा मुलांना अक्षर शिकविण्यांत लागली, तर गांवाचें केवढें कल्याण होईल!

आतां महाराज माणसांशीं कसे वागत तें पाहूं. कोल्हापुरांत मोठा राजवाडा असतां ते पुष्कळदां शहराबाहेर सोनतळीच्या छावणींत राहत. तेथें शेतकरी, धनगर, पैलवान, गरीब विधवा, ज्याचें कांहीं गाऱ्हाणें असेल तो जाऊन उभा राही. महाराज त्यांच्याशीं खेडवळ भाषेंत बोलत आणि आधीं ऐकून घेत. फासेपारधी लोकांस चोर समजून त्यांच्यावर रोजची हजेरी लादलेली होती. महाराजांनीं ती बंद केली, त्यांस राहावयास जागा दिली आणि त्यांच्यांतील कित्येकांस आपल्याच पहाऱ्यावर नेमलें. ज्याला सारें जग चोर म्हणतें, त्याच्याच हातीं आपल्या घराची राखण देणें, ह्याहून मोठा विश्वास कोणता? कामावरच्या माणसाला सतत संशयानें पाहिलें तर तो आळशी तरी होतो किंवा लबाड तरी होतो. जबाबदारी दिली म्हणजे तो बहुधा तिच्या योग्य होण्याची खटपट करतो.

गंगाराम कांबळे यांची हकीकत कोल्हापूर प्रांतांत अजून सांगतात. ते महार जातीचे असून महाराजांच्या पागेंत नोकरीस होते. तेथल्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून इतर नोकरांनीं त्यांस बेदम मारलें. महाराज त्या वेळीं परगांवीं होते. परत आल्यावर त्यांस हें कळलें, तेव्हां त्यांनीं मारणाऱ्यांस शिक्षा केली. पण तेवढ्यावर ते थांबले नाहींत. त्यांनीं गंगारामांस पैसे देऊन स्वतःचा धंदा काढावयास सांगितलें, आणि गंगारामांनीं भर रस्त्यावर चहाचें दुकान थाटलें. महारानें केलेला चहा कोण पिणार? गिऱ्हाईक येईना. तेव्हां महाराज स्वतः आपल्या गाडींतून तेथें येऊन थांबूं लागले, चहा मागवून पिऊं लागले, आणि बरोबरच्या मानकऱ्यांसही तो द्यावयास सांगूं लागले. राजानें घेतलेला पेला मानकऱ्याला नाकारतां येईना. 

ह्या गोष्टींत किती शहाणपण भरलें आहे तें पाहा. शिक्षा केल्यानें अन्याय करणारा भितो. पण ज्याच्यावर अन्याय झाला तो त्यानें उभा राहत नाहीं. भिक्षा दिल्यानें तो एक दिवस जेवतो. पण त्याची मान वर होत नाहीं. महाराजांनीं त्याला धंदा दिला, आणि धंद्याबरोबर आपली उठबस दिली. आपला प्रभु जक्कयाच्या घरीं जेवावयास गेला, तेव्हां लोक कुरकुरले. परंतु त्या एका जेवणानें जें झालें तें पुष्कळ उपदेशांनीं झालें नसतें. महाराजांच्या मागें गंगारामांनीं पुढाकार घेऊन कोल्हापुरांत नर्सरी बागेंत त्यांचें स्मारक उभारलें. एका पेल्याची ती परतफेड होती.

आम्हांस येथें स्पष्ट बोललें पाहिजे. आपल्या मंडळ्यांत असे सभासद आहेत, कीं जे एकाच मेजावरून प्रभुभोजन घेतात, पण एकमेकांच्या घरचें पाणी घेत नाहींत. अमका पूर्वीचा महार, तमका पूर्वीचा मांग, ही आठवण बाप्तिस्म्याच्या पाण्यानें धुतली गेली नाहीं, तर आपला सांगण्याचा अधिकार कोठें राहिला? ज्याला शुभवर्तमान मिळालें नव्हतें अशा राजानें रस्त्यावर बसून जें केलें, तें करण्यास आपला उपदेशक घरांत बसून लाजत असेल, तर न्यायाच्या दिवशीं तो राजा आपल्याविरुद्ध साक्ष देईल. उपदेशकांनीं ह्या आठवड्यांत आपल्या मंडळींतील ज्या घरीं आजवर चहा घेतला नाहीं त्या घरीं जावें, आणि बरोबर एका पंचासही न्यावें.

महाराजांच्या कामाची दुसरी हातोटी म्हणजे दूरवर पाहणें. कळंब्याच्या तलावाचें पाणी कोल्हापूर शहरानें पुष्कळ वर्षें प्यालें आहे. पाणी सांठविलें म्हणजे काय होतें हें इकडच्या माणसास सांगावें लागत नाहीं. महाराजांनीं भोगावती नदीवर राधानगरी येथें मोठें धरण बांधण्याचें मनांत घेतलें आणि 1909 सालीं काम सुरू केलें. दाजीराव विचारे हे त्यांचे इंजिनियर होते. 1918 पर्यंत बांध सुमारें 40 फूट चढला, आणि मग पैशाअभावीं काम थांबलें. तें पुरें होण्यास महाराजांच्या मृत्यूनंतर तीसांहून अधिक वर्षें लागलीं. त्यांनीं पाया घातला नसता, तर पुढच्यांस चढविण्यास कांहींच नव्हतें. त्याचप्रमाणें 1917 सालीं त्यांनीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्याचा हुकूम काढला, आणि जे आईबाप मुलांस शाळेंत पाठविणार नाहींत त्यांस दरमहा एक रुपया दंड ठेवला. आपल्या हयातींत फळ दिसलें नाहीं म्हणून जो पेरणें सोडतो, तो कधींही चांगला शेतकरी होत नाहीं, आणि चांगला उपदेशकही होत नाहीं.

बाहेर सर्वांशीं गोड वागणारा मनुष्य घरांत कसा आहे, ही खरी परीक्षा होय. 1918 सालीं महाराजांचे धाकटे पुत्र शिवाजी हे डुकराच्या शिकारींत अपघातानें मरण पावले. त्यांची पत्नी इंदुमतीदेवी त्या वेळीं बारा वर्षांचीही झाली नव्हती. त्या काळच्या रीतीप्रमाणें त्या मुलीनें कोपऱ्यांत बसून जन्म काढावयाचा. महाराजांनीं आपला शोक गिळून, घरच्यांचा विरोध पत्करून, तिच्या शिक्षणाची व्यवस्था सोनतळीस केली आणि तिच्याबरोबर शिकावयास निरनिराळ्या जातींच्या मुली ठेवल्या. मुलाच्या मृत्यूचा दोष सुनेच्या पायगुणाला देणारीं घरें आमच्या ख्रिस्ती लोकांतही आहेत. त्यांनीं ह्या सासऱ्याकडे पाहावें. नवऱ्यामागें राहिलेली सून ही घरांतलें ओझें नव्हे, तर देवानें सोपविलेली मुलगी आहे.

मार्च 1920 मध्यें माणगांव येथें अस्पृश्य मानलेल्या लोकांची परिषद भरली. डॉ. भीमराव आंबेडकर अध्यक्ष होते, आणि ते त्या वेळीं तीस वर्षांचेही नव्हते. महाराज तेथें गेले आणि तुमचा पुढारी तुमच्यांतूनच तुम्हांस मिळाला आहे, ह्या अर्थाचें बोलून त्यांनीं त्या तरुणाचा सर्वांदेखत गौरव केला. आपल्याहून लहान असलेल्याचा उदय पाहून पुष्कळ थोरांच्या पोटांत दुखतें. जुन्या उपदेशकास नवा शिकलेला पोरगा मंडळींत आलेला खपत नाहीं. शौल दाविदाविषयींच्या ईर्षेनें जळत राहिला. शाहू महाराजांनीं दुसऱ्याला पुढें करून आपलें नांव वाढविलें.

6 मे 1922 रोजीं मुंबई येथें महाराजांचें देहावसान झालें. वय अठ्ठेचाळीसही पुरें नव्हतें. ते निर्दोष होते असें आम्ही म्हणत नाहीं. निर्दोष असा एकच झाला. परंतु त्यांच्या अठ्ठावीस वर्षांच्या कारभाराकडे पाहिलें असतां यशस्वी वर्तनाचे कांहीं धडे स्पष्ट दिसतात: आपल्या शिक्षकास विसरूं नये, आधीं ऐकावें, मग बोलावें, ज्यावर कोणी विश्वास टाकीत नाहीं त्यास काम देऊन पाहावें, अपमानाची परतफेड चांगल्या कामानें करावी, पडलेल्यास उठवून त्याच्या पंक्तीस बसावें, लहानाचा मोठेपणा पाहून आनंद मानावा, आणि घरांतल्या दुबळ्याचा सांभाळ करावा.

ह्यांतील एकही गोष्ट करावयास राजवाडा लागत नाहीं. ज्याच्या घरीं एक चूल आहे, दोन पेले आहेत आणि दार उघडें आहे, त्याला त्या सर्व करतां येतील. ज्या प्रभूनें शिष्यांचे पाय धुतले त्याचे सेवक म्हणवून घेणाऱ्यांनीं तर त्या आनंदानें कराव्या. त्या करण्यास देव आमच्या सर्व मंडळ्यांस कृपा व धैर्य देवो.